आजीची बाज पत्र्याच्या शेडमध्येच का असते?

(आलेल्या पत्राचा सारांश. लिहिणारीची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पत्र लिहिणारी मुलगी अठरा वर्षांची. लातूर जिल्ह्यात भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या एका गावातली. यंदा पुण्यात बी. ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, साहित्य विषय घेऊन. ‘साहित्य आणि स्मृती’ या घटकासाठी घरातल्या ज्येष्ठ माणसाची एक आठवण नोंदवायची, ती वाचलेल्या पुस्तकांशी जोडून दीड हजार शब्दांचं मनोगत लिहायचं आणि वर्गात सादर करायचं, असं काम तिला मिळालं आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिच्या आजीची दोन मुलं गेली. वडील तेव्हा नऊ वर्षांचे. गणपती विसर्जनानंतर मंडळाच्या पोरांबरोबर देवळापुढच्या मोकळ्या जागेत झोपले होते, म्हणून वाचले. दिवाळीच्या सुट्टीत तिनं आजीला विचारलं. आजी ज्वारी पाखडत होती. “गणपती बोळवून आलतो. मग धरणी अर्धा तास हालत हुती. मग लय पाऊस लागला.” एवढी तीन वाक्यं बोलून गप्प झाली आणि रात्री जेवली नाही. ओढणीखाली मोबाइलवर अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग चालू होतं, ते आजीला माहीत नाही. वडील म्हणाले, “कशाला उकरायलीस? झालं ते झालं.” वर्गात सर सांगतात, न बोललेलं दुःख आत सडतं, ते बाहेर यायलाच हवं.

तिचे प्रश्न असे: आजीला बोलतं करावं का? धरणी मिनिटभरही हलली नव्हती, मग आजीची आठवण चूक धरायची का? माझ्या जन्माआधी चौदा वर्षं घडलेल्या गोष्टीवर लिहायचा मला अधिकार काय? आजीच्या दुःखावर मार्क मिळवायचे का? आणि शेवटी, “मॅडम, ही पुस्तकं वाचायला लागल्यापासून मला रात्री साडेतीनला जाग येते. मी तर तिथं नव्हतेच. हे नाटक आहे का?”

---

आधी तुझ्या झोपेचं बोलू. मनोगत, मार्क, सर आणि साहित्य, सगळ्यांना थोडं ताटकळू दे.

हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर तू पहाटे स्लॅबकडं टक लावून पडतेस आणि वर स्वतःलाच विचारतेस की हे नाटक तर नाही? अगं, नाटक करणाऱ्याला प्रेक्षक लागतो. तू रूममेटलाही उठवत नाहीस.

१९८४ साली अमेरिकेत येल विद्यापीठात शोशाना फेलमन नावाच्या प्राध्यापिका साहित्य आणि साक्ष या विषयावर एक वर्ग घेत होत्या. कथा-कविता वाचून झाल्यावर त्यांनी मुलांना नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या माणसांच्या मुलाखतींच्या चित्रफिती दाखवल्या. वर्ग पार हलून गेला. मुलं आधी गप्प झाली, मग दिवसेंदिवस त्यावरच बोलत सुटली, बाईंना घरी अवेळी फोन करू लागली. त्यातलंही कुणी छावणीत राहून आलेलं नव्हतं. फेलमन यांनी मग डोरी लॉब या मनोविश्लेषक सहकाऱ्याचा सल्ला घेतला, नेहमीचा तास बाजूला ठेवून त्या वर्गाशी या अस्वस्थतेबद्दलच बोलल्या आणि मुलांना त्यावर लिहायला सांगितलं. असं साहित्य वाचून झोप उडते, हे शिकवणाऱ्यांना चाळीस वर्षांपासून माहीत आहे. माहीत असायला हवं, असं म्हणते. आपल्याकडं धडा नेमला की काम झालं.

तेव्हा एवढं कर. ती पुस्तकं दिवसाउजेडी वाच, ग्रंथालयात, शेजारी कुणी बसलेलं असताना. रात्री जाग आली तर भूकंपाचे जुने व्हिडिओ बघत बसतेस असं तू लिहिलंयस, ते आजपासून बंद. उठून दिवा लाव, पाणी पी, रूममेटला हाक मार. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, जेवणखाण किंवा लेक्चर बुडायला लागलं, तर कॉलेजच्या समुपदेशकाकडं जा. जगणंच नको वाटलं तर मात्र आठवडे मोजत बसू नकोस, त्याच क्षणी कुणाला तरी सांग. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक फोनमध्ये घालून ठेव. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं.

आता सरांचं वाक्य. न बोललेलं दुःख आत सडतं.

ऐकताना पटतं. मीही अनेक वर्षं मराठी शिकवलं, मीही हे वाक्य वर्गात वापरलंय, आणि त्याची किंमत माझ्या एका विद्यार्थिनीनं मोजली. वडील गेले त्या सकाळवर तिनं निबंध लिहिला होता. विलक्षण होता. मी म्हटलं, वर्गात वाच. ती नको म्हणाली नाही. अठराव्या वर्षी पोरी शिक्षकांना नको म्हणत नाहीत. दुसऱ्या परिच्छेदात वडील नसतात आणि विहिरीवरची मोटर तशीच चालू असते, असं एक वाक्य होतं. तिथं तिचा आवाज बंद पडला. समोर साठ पोरं, वर घरघरणारा पंखा, आणि मी म्हणतेय, “वाच, वाच, मोकळी हो.” ती मोकळी वगैरे झाली नाही. पंधरा दिवस कॉलेजला आली नाही. आली ती शेवटच्या बाकावर बसायला लागली आणि वर्षभर मला एक ओळ लिहून दिली नाही. त्या दिवशी स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, “तुमचा तास काय रंगला म्हणे आज!” तो ‘रंगला’ मला अजून टोचतो.

एखादी आपत्ती घडली की लोकांना लगेच एकत्र बसवायचं आणि एका बैठकीत झालेलं सगळं वदवून घ्यायचं, ही रीत मध्यंतरी जगभर रुळली होती. पुढं तिचे नीट अभ्यास झाले, तेव्हा त्यानं नंतरचा त्रास टळतो असं काही दिसलं नाही. काहींचा त्रास उलट वाढलेला दिसला. आता जाणकार सांगतात की बोलायची वाट मोकळी ठेवा, सक्ती करू नका. तुझ्या सरांचा हेतू चांगलाच असणार. पण ‘बाहेर यायलाच हवं’ यातला ‘च’ त्यांचा आहे. आजीला कुणी विचारलेलं नाही.

प्रिमो लेव्ही हा इटालियन रसायनशास्त्रज्ञ ऑशविट्झच्या नाझी छळछावणीतून जिवंत परतला आणि पुढं आयुष्यभर त्याबद्दल लिहीत राहिला. म्हणजे बोलणाऱ्यांतला तो. त्यानं १९८६ च्या पुस्तकात म्हटलंय की छावणीतून परतलेल्यांत दोन जाती दिसतात, गप्प राहणारे आणि बोलणारे, आणि दोघांचीही कारणं रास्त असतात. आणखी एक गोष्ट त्यानं नोंदवली आहे: फार वेळा सांगितलेली आठवण हळूहळू एका साच्यात घट्ट होते आणि मूळ आठवणीच्या जागी तो साचाच जाऊन बसतो. तुमच्या शेजारचे आजोबा दर ३० सप्टेंबरला कॅमेऱ्यापुढं तीच गोष्ट त्याच शब्दांत सांगतात, त्याच जागी थांबतात, असं तू जरा चिडून लिहिलंयस. चिडू नकोस. तो साचा त्यांना सोसतो म्हणून त्यांनी तो धरलाय. तुझी आजी कॅमेरेवाले आले की आत जाऊन बसते. दोघांनी आपापली सोय लावली आहे.

पण खरं सांगू? तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी वेगळ्याच जागी अडकले. आजी गप्प आहे, हे तू कशावरून ठरवलंस?

पत्राच्या तिसऱ्या पानावर तू सहज लिहून गेलीस: “आजीची बाज अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये असते. ती तिथंच झोपते, थंडीतसुद्धा. बाजेची सुतळी पार सैल झालीय, पण नवी घेऊ देत नाही.” आणि लगेच पुढच्या वाक्यात हॉस्टेलच्या मेसकडं वळलीस.

थांब ना जरा तिथं. तुझ्या गावची जुनी घरं कशी होती ते तुला माहीत असेल. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकडाचं माळवद, त्यावर मातीचा जाड थर, गळती लागली की आणखी माती. उन्हाळ्यात गार राहणारं घर. त्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी तीच माती आणि तेच दगड झोपलेल्या माणसांवर आले. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. जगात याहून कितीतरी मोठे भूकंप होतात आणि तुलनेनं थोडी माणसं जातात. इथं दहा हजारांच्या आसपास गेली, कारण माणसं गाढ झोपेत होती आणि डोक्यावर ते माळवद होतं. पुढं बावन्न गावं नव्या जागी वसवली, घरं दिली. आणि मराठवाड्याच्या त्या पट्ट्यात कितीतरी लोक पुढची अनेक वर्षं पक्क्या घरापुढं पत्रा टाकून त्याखाली झोपत राहिले. पत्रा अंगावर आला तर लागेल. गाडणार नाही.

तुझी आजी त्या घरात भाकरी थापते, देवपूजा करते, पाहुण्यांना बसवते. झोपायला मात्र छप्पर नको. बत्तीस वर्षं रोज रात्री ती एकच गोष्ट सांगतेय आणि तू जन्मल्यापासून ती ऐकतेयस. रेकॉर्डिंगची गरज कुठं पडली?

मग तिची तीन वाक्यं परत घे. गणपती बोळवून आलो. धरणी हलली. पाऊस लागला. दोन मुलं कुठं आहेत यात? दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्याच्या मध्ये आहेत. तू लिहितेस, “मध्ये बराच वेळ नुसतं सूप वाजतं.” एखाद्या कवितेत ओळीनंतर अशी मोकळी जागा सोडलेली असती, तर तू समासात पेन्सिलनं अर्धं पान लिहिलं असतंस.

उर्मिला पवारांचं ‘आयदान’ तुम्हाला अभ्यासाला आहे ना? त्यांची आई बांबूची आयदानं विणून विकायची. आपलं लिहिणं आणि आईचं विणणं यांची वीण एकच आहे, दुःखाची, असं त्या म्हणतात. आत्मचरित्राला नावही तेच दिलं. आई आयुष्यभर टोपल्या विणत होती, तेही एक सांगणंच होतं, हे लेकीला दिसलं. तुझ्या घरी सूप आहे, बाज आहे.

आणि सळई आहे. तुझ्या पत्रात आजीला दोन पानं मिळालीत आणि वडिलांना दीड ओळ. ‘कशाला उकरायलीस’ म्हणून त्यांनी तुला अडवलं, एवढंच. जसे काही ते दारात उभे राहिलेले पोलीस. पण तो नऊ वर्षांचा मुलगा होता गं. सकाळी उठला तेव्हा गाव नव्हतं. त्याची बहीण गेली, भाऊ गेला. तो देवळापुढं झोपला होता आणि ते दोघं घरात. ही गोष्ट तो एकतीस-बत्तीस वर्षं कशी वाहतोय, हे तू एकदाही विचारलेलं नाहीस. आजीच्या दुःखाचा मान राखता राखता ज्याच्या घरात, ज्याच्या पैशावर तू शिकतेस, त्या माणसाचं दुःख नजरेतून सुटलं. रागावून म्हणत नाही. मुलांच्या लेखी आईबाप हे आईबापच असतात. त्यांच्यावरही काही गुदरलं असेल हे फार उशिरा सुचतं. मला तर माझे वडील गेल्यावर सुचलं.

ते बांधकामाची छोटी कामं घेतात, आणि गावात त्यांना हसतात, असंही तूच लिहिलंस. “एका मजल्याच्या घराला तीन मजल्यांची सळई घालतात, म्हणून गिऱ्हाईक पळतं.” तू ते गमतीत लिहिलंयस. मी मात्र ते वाक्य वाचून चष्मा काढून ठेवला.

आता अर्धा तास. भूकंपमापक यंत्राचं म्हणणं खरं आहे, धक्का मिनिटाच्या आत संपला. मग आजी खोटं बोलते का?

मघाशी ज्यांचं नाव घेतलं त्या डोरी लॉब यांनी सांगितलेली एक हकिगत आहे. ऑशविट्झमधल्या कैद्यांच्या १९४४ च्या बंडाबद्दल एक वयस्क बाई सांगत होत्या. प्रेतं जाळायच्या भट्ट्यांची चारही धुराडी एकाएकी पेटून उडाली, असं त्या म्हणाल्या. पुढं एका परिषदेत इतिहासकारांनी आक्षेप घेतला: धुराडं एकच उडालं होतं, आकडा चुकतो तर बाकीच्या साक्षीवर विश्वास कसा ठेवायचा? लॉब म्हणाले, बाई धुराड्यांच्या संख्येची साक्ष देत नव्हत्या. जिथं कुणी बोट उचलू शकत नव्हतं तिथं उठाव झाला, जे कल्पनेत बसत नव्हतं ते डोळ्यांसमोर घडलं, याची साक्ष त्या देत होत्या.

इतिहासकार तिथं मूर्ख होते असं मला म्हणायचं नाही. उद्या कुणी आकडे फुगवून किंवा दडपून सांगितले, तर यंत्राची नोंदच कामाला येईल. म्हणून तू दोन्ही लिही. यंत्र सांगतं मिनिटाच्या आत, आजी सांगते अर्धा तास. आजीचा अर्धा तास कशाचा होता ते मला माहीत नाही, तुलाही नाही. ढिगाऱ्याशेजारचा असेल, हाका मारण्याचा असेल, नुसता अंधाराचा असेल. तो अंदाजानं भरू नकोस. हौशी लेखक नेमके तिथं घसरतात: रिकामी जागा दिसली की तिच्यात किंकाळी घालतात.

तसंच तारखेचं. सगळं जग ३० सप्टेंबर म्हणतं, आणि आजी त्या दिवशी काहीच करत नाही म्हणून तुला नवल वाटलं. तिच्या लेखी ती अनंत चतुर्दशीची रात्र आहे. चतुर्दशी दरवर्षी निराळ्या तारखेला येते. त्या दिवशी ती काय करते, ते पुढच्या वर्षी घरी असलीस तर बघ. विचारू नकोस, नुसतं बघ.

अधिकाराचा प्रश्न तुला फार छळतोय, पण मला तो त्या मानानं सोपा वाटतो. मारियान हिर्श नावाच्या अभ्यासक आहेत. त्यांचे आईवडील ज्यूंच्या संहारातून वाचलेले, त्यांचा स्वतःचा जन्म युद्धानंतरचा. आपल्या जन्माआधीचं संकट आपल्या आठवणीसारखं का वाटतं, यावर त्यांनी लिहिलं आणि त्याला ‘पोस्टमेमरी’ असं नाव दिलं. ती खरीखुरी आठवण नसते, हे त्या स्पष्ट म्हणतात. ज्या गोष्टी, जे फोटो, घरातल्या माणसांच्या ज्या वागणुकीत आपण वाढतो, त्यांतून ती तयार होते. तेव्हा भूकंपावर लिहायचा तुला अधिकार आहे का, याचं माझं उत्तर ‘फारसा नाही’ असं आहे. पण ज्या घरात आजी बाहेर झोपते आणि वडील जास्तीची सळई घालतात, त्या घरात वाढण्यावर लिहायचा अधिकार तुझ्याशिवाय आणखी कुणाला आहे? तिथं तू होतीस. ‘मी तिथं नव्हते’ हे वाक्य मनोगतात पहिलंच टाकलंस तरी चालेल. पुढं कुठं होतीस ते लिही.

रेकॉर्डिंगबद्दल मी कडक बोलणार आहे. आजीला न सांगता केलेलं रेकॉर्डिंग वापरायचं नाही. वर्गात नाही, सरांना ऐकवायचं नाही, त्यातली वाक्यं मनोगतात घालायची नाहीत. तिनं तुला नात म्हणून सांगितलं, पुण्यातल्या साठ पोरांना नाही. पुढच्या वेळी गेलीस की तिला सांग: “आज्जी, त्या दिवशी तुझं बोलणं मी मोबाइलमध्ये धरलं, तुला न विचारता. चुकलं माझं. ठेवू का पुसू?” ती म्हणेल ते. कदाचित ‘ऐकव’ म्हणेल. कदाचित ‘गेलं चुलीत’ म्हणून भाकरीकडं वळेल. मग तिच्यासमोर पूस. त्या रात्री ती जेवली नाही याचं ओझं तू वाहतेयस, ते या एका कबुलीनं थोडं उतरेल, असं मला वाटतं. वचन देत नाही.

मनोगताचं काय करायचं? सरांना आधी भेट, चारचौघांत नको, तासानंतर. भेटून बोलायला घाबरत असशील तर मेसेज कर: “सर, माझा विषय घरातल्या मृत्यूंशी संबंधित आहे. मी लेखी देईन, पण सादरीकरण करणार नाही. त्याऐवजी दुसऱ्या एखाद्या पुस्तकावर बोलू का?” एवढंच. कारणांची माळ लावू नकोस. बहुतेक शिक्षक ऐकतात. सादर केल्याशिवाय मार्क नाहीत असं म्हणाले तर विभागप्रमुखांकडं जा, आणि तिथंही जमलं नाही तर विषय बदल. पाच मार्कांसाठी आजी पणाला लावायची नाही.

लिहायला बसलीस तर बाज आणि सळई यांवर लिही, मात्र वडिलांना आणि आजीला आधी विचार. गावाचं नाव घालायचं का, तेही विचार. ते नको म्हणाले तर या वर्षी छापील पुस्तकावरच लिही आणि हे वहीत ठेव. बेबी कांबळे छोटं दुकान चालवायच्या. ‘जिणं आमुचं’ या आत्मचरित्राची वही त्यांनी घरच्यांपासून किती तरी वर्षं लपवून ठेवली होती. लिहिणं आणि दाखवणं यांच्यात एवढी वर्षं जाऊ शकतात. तुझ्या सत्राचा शेवट डिसेंबरात आहे म्हणून आठवणीचाही तेव्हाच व्हावा, असं काही नाही.

स्वतःपुरतं लिहायचं असेल तर जेम्स पेनेबेकर यांची एक साधी पद्धत आहे. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात कॉलेजातल्या मुलांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या जखमेवर लिहिलं. ज्यांनी काय घडलं आणि काय वाटलं हे दोन्ही लिहिलं, त्यांच्या दवाखान्याच्या खेपा पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. लिहून झाल्या झाल्या मात्र त्यांना बरं नाही, उलट जास्त वाईट वाटलं होतं, हे लक्षात ठेव, म्हणजे पहिल्या दिवशी घाबरणार नाहीस. तिथं कुणी कुणाला वाचून दाखवत नव्हतं, हेही. सध्या झोप उडालेली आहे तोवर हा प्रयोग नको. आधी झोप जागेवर येऊ दे.

मार्कांबद्दल: मार्क आजीच्या दुःखाला मिळत नाहीत, तुझ्या वाचण्याला मिळतात. हा प्रश्न पडतो आहे तोवर तू बरीचशी सुरक्षित आहेस. पुढं जाऊ.

हा स्तंभ वाचणाऱ्या आणखीही काहींच्या घरी असं एखादं शेड असणार. माळीण, तळिये, इर्शाळवाडी इथल्या घरांत असेल. करोनात आई किंवा वडील गेलेली मुलं आता कॉलेजात आली आहेत. उल्हासनगरच्या सिंधी घरांत पणजोबांच्या कराचीबद्दल कुणी काही बोलत नसेल. तुम्हालाही उद्या कुणी तरी ‘घरच्यांची मुलाखत घ्या’ असं काम देईल. थेट ‘तेव्हा काय झालं?’ असं विचारत जाऊ नका. त्याआधीचं विचारा. जुन्या गावात आड कुठं होता, शाळेत कोण शेजारी बसायचं, सणाला काय रांधायचे. सांगणारा त्या रात्रीपर्यंत आपल्या पायांनी आला तर आला, अलीकडंच थांबला तर तिथं थांबा. भाकरी थापताना, शेंगा फोडताना, एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागत नाही अशा वेळी माणसं जास्त बोलतात. आणि नंतर लगेच उठून पुण्याची बस पकडू नका. विचारलंत, तर त्या रात्री तिथं राहा.

तुला वडिलांकडं कसं जायचं तेही विचारायचं असेल. त्यांच्या एखाद्या साइटवर जा. सळई बांधताना तार पिळायला एक माणूस लागतोच. ‘एवढी कशाला घालता?’ असं हसत नको, खरंच कळून घ्यायचं म्हणून विचार. ते बहुतेक वजनाचं, पट्ट्याचं, कोपऱ्यातल्या जोडाचं सांगतील. ते नीट ऐक. त्यांनी एवढंच सांगितलं तरी पुष्कळ झालं.

आणि आजीची बाज. नवी ती घेणार नाही. पण सैल झालेली बाज एकट्या माणसाला नीट आवळता येत नाही. पायथ्याची दोरी एकानं ओढून धरायची आणि दुसऱ्यानं गाठ मारायची. संक्रांतीला गावी जाशील तेव्हा फोन घरात ठेवून शेडमध्ये जा, दोरी तू धर. गाठ तिला मारू दे.